ओढ्यात पेरलेलं पितळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत 'ठाण्यापासून दोन तासांवर सोन्याचा ओढा' असा मजकूर फोटोंसह आला आहे. फोटोत उजवीकडून तिसरा, डोक्याला पंचा गुंडाळलेला आणि चेहरा आंबट झालेला जो म्हातारा दिसतो, तो मी. शेजारी हिरवी परात घेऊन उकिडवा बसलेला माझा नातू. तेव्हा या विषयावर चार ओळी लिहिण्याचा मला हक्क आहे असे समजून लिहितो. चार ओळींत भागणार नाही हे आधीच सांगतो. कात्री आपल्याच हातात आहे.

जाहिरात आमच्या सुनेच्या व्हॉट्सॲपवर आली होती. माणशी १८०० रुपये, तीन हात नाक्यावरून सकाळी ६ वाजता बस, नाश्ता, जेवण, सोने गाळण्याचे प्रशिक्षण, आणि सापडलेले सोने ज्याचे त्याला. मी म्हटले, काळू नदीच्या खोऱ्यात कुठले सोने? सून म्हणाली, "बाबा, सोनं राहू दे, दिवाळीच्या सुट्टीत त्याला मोबाइलमधून बाहेर तर काढू." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. नातू दहा वर्षांचा आहे. आदल्या रात्री त्याने दप्तर रिकामे करून सोने ठेवायला जागा केली होती.

माझी थोडी ओळख द्यायला हवी, नाहीतर पुढचे पटणार नाही. माझे वडील सोनारकाम करीत. खारकर आळीत आमचे घर आणि पुढच्या पडवीत त्यांची ऐरण, शेगडी आणि फुंकणी. मी धंदा पुढे चालवला नाही. रसायनशास्त्र शिकलो आणि वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षे काढली. म्हणजे सोने घरी पाहिले आणि बाकीचे धातू नोकरीत.

शहाडचा पूल ओलांडेपर्यंत बसमध्ये अंताक्षरी रंगात आली होती. मुरबाडला मिसळ खाल्ली. मिसळ उत्तम होती, ते मान्य करतो. टोकावड्याच्या पुढे आत वळून पाऊण तास खडखडत गेल्यावर ओढा आला. पाऊस सरून महिना झालेला, पाणी गुडघ्याच्या खालीच, स्वच्छ, तळाचे गोटे दिसत होते. आम्ही ३४ माणसे. शिकवणारा मुलगा पंचविशीतला, बोलायला नम्र, गळ्यात शिट्टी. त्याने काठावर सगळ्यांना गोल उभे केले आणि सांगितले, "सह्याद्री ज्वालामुखीतून तयार झालाय. आणि ज्वालामुखी पृथ्वीच्या पोटातलं सोनं वर आणतो." पहिले वाक्य खरे आहे. दुसरे ऐकल्यावर माझा जो चेहरा झाला तोच फोटोत आला.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला, पसरला, गोठला, आणि त्यावर पुन्हा नवा थर आला. असे थरांवर थर साचून आपला काळा पाषाण झाला. पारसिकच्या डोंगरापासून नाणेघाटापर्यंत तोच दगड, त्यालाच बेसॉल्ट म्हणतात. सोन्याचा पाठलाग करायचा तर याहून कितीतरी जुन्या खडकांकडे जावे लागते. कर्नाटकातले कोलार आणि हट्टी हे अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या खडकांत आहेत. तिथे खोलवरून गरम पाणी भेगांमधून वर चढले, निवले, आणि पांढऱ्या गारगोटीच्या शिरांत सोने सोडून गेले. कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. २००१ साली ती बंद पडली. अशा शिरा ऊन-पावसाने झिजल्या की त्यांतले सोने सुटते आणि नदीला लागते. झारखंडात सुवर्णरेखेच्या वाळूत, केरळात निलंबूरजवळ चालियारच्या वाळूत बायामाणसे लाकडी परातीत ते गाळतात, दिवसभर पाण्यात वाकून तांदळाच्या कणीएवढे मिळवतात. आपल्या महाराष्ट्रातही अगदी पूर्वेला, नागपूर-भंडाऱ्याकडच्या जुन्या खडकांत सोन्याचे अंश आहेत. पण ते तिकडे. मधल्या सगळ्या मुलखावर आपल्या काळ्या दगडाची चादर पडलेली आहे, आणि पश्चिमेकडे ती काही ठिकाणी दोन किलोमीटरहून जाड आहे.

काळ्या दगडात सोने अजिबात नसते असेही नाही. कुठलाही साधा दगड घ्या, टनामागे काही मिलिग्रॅम निघेल. पण ते दगडाच्या अंगात मुरलेले असते. ते परातीत चमकत नाही.

हे सगळे मी तिथे बोललो नाही. लोक पैसे भरून आले होते, मुले पाण्यात उतरली होती. शिवाय गाळायचे कसे हे त्या मुलाने शिकवले मात्र झकास, यूट्यूबवर पाहून शिकला असेल तरी. परात अर्धी-पाऊण भरायची, पाण्याखाली धरायची, चिखलाची ढेकळे बोटांनी कुस्करायची, मोठे खडे धुऊन बाहेर टाकायचे. मग पाण्यातच परात डावी-उजवी हलवायची, म्हणजे जड ते तळाला जाते. मग किंचित कलती करून वरची हलकी वाळू पाण्याबरोबर काठावरून सोडायची. पुन्हा हलवायची, पुन्हा सोडायची. घाई केली की सगळेच जाते.

दोन परातींनंतर मला एकदम माझी आजी आठवली. ती तांदूळ रोळायची. रोळीत तांदूळ घेऊन पाण्यात अशीच झुलवायची, तांदूळ पाण्यावर उचलला जाई आणि खडे मागे राहत. हल्ली तांदूळ पिशवीतून निवडलेलेच येतात म्हणून हा शब्द घरांतून गेला. पुरवणीतल्या लेखात सगळीकडे 'गोल्ड पॅनिंग' असे छापले आहे. 'सोने रोळणे' म्हटले असते तर निदान साठीच्या पुढच्या वाचकांना लगेच उमगले असते.

हे पाण्यातच का करायचे याचा हिशेब मी नातवाला काठावर करून दाखवला. वाळूचा कण पाण्याच्या २.६५ पट जड, सोने १९.३ पट. कोरडे तोलले तर सोने साधारण सातपट जड भरते. पण पाण्यात बुडवले की दोघांच्याही वजनातून एकेक वजा होतो, उरतात १.६५ आणि १८.३, आणि फरक अकरापट होतो. त्याने वाळूवर काडीने भागाकार केला. उत्तर बरोबर आले. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि तो पळाला, कारण पलीकडे कुणाला तरी 'सोने' सापडले होते.

मग सगळ्यांनाच सापडू लागले. कुणाला तीन कण, कुणाला पाच. आम्हाला चार. आणि माझ्या मनात पहिली शंका तिथे आली. मी परातीतला वरचा थर मुद्दाम अलगद बाजूला काढून पाहिला, तर दोन कण त्या वरच्या थरातच होते, एका वाळल्या पानाला चिकटून. वस्तू खरोखर जड असेल आणि चार पावसाळे ओढ्यात लोळलेली असेल, तर ती गाळाच्या बुडाशी, खडकाच्या खाचेत जाऊन बसते. औंदाच्या पाचोळ्यावर येऊन बसत नाही. दुसरे असे, की सगळ्यांना तीनच मोठ्या दगडांच्या आड उकरायला सांगितले होते, आणि त्या दगडांमागचा गाळ आम्ही हात लावण्याआधीच हललेला होता.

माझ्या खिशात जुन्या स्पीकरचे लोहचुंबक होते. ही सवय नोकरीतली. ते मी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून परातीत तळाला उरलेल्या काळ्या वाळूवरून फिरवले. वाळू उड्या मारून पिशवीला चिकटली, काटेरी मिशीसारखी. आतून चुंबक ओढून घेतले की सगळी खाली गळते. ती काळी वाळू आपल्याच डोंगराची, काळ्या दगडातले लोखंड-टायटॅनियमचे कण. ओढ्यात स्वतःहून आलेली जड वस्तू ती एवढीच. माझ्याभोवती पाच-सहा मुले जमली आणि सोने सोडून चुंबकासाठी भांडू लागली. शिकवणाऱ्या मुलाला ते फारसे रुचलेले दिसले नाही.

सकाळी अकराच्या सुमारास पलीकडच्या पाड्यावरची एक बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन आली आणि काठावर थबकली. ओढ्याचे पाणी तोवर चहासारखे झाले होते. काठाला फावड्याने खड्डे पडले होते. ती चिडली नाही, ओरडली नाही. मला म्हातारा पाहून म्हणाली, "बाबा, हे निवळायला आता दुपार होईल. येणार म्हून आधी सांगितलं असतं तर पहाटंच भरून ठेवलं असतं." मी त्या मुलाला हे सांगितले. तो म्हणाला, ग्रामपंचायतीत बोललोय. बाई रिकामे हंडे घेऊन वर गेली. आपल्या लेखात ओढा 'निर्मनुष्य' आहे असे लिहिले आहे.

जेवणानंतर प्रत्येकाला बोटाएवढी काचेची बाटली मिळाली, तिच्यात पाणी आणि आपापले कण, आणि वर 'गोल्ड हंटर' असे प्रमाणपत्र. नातवाने ते घरी आल्याबरोबर फ्रीजला लावले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन जांभळी नाक्यावर गेलो. तिथल्या एका गल्लीत जिन्याखाली एक कारागीर बसतो, त्याचे वडील आणि माझे वडील बरोबरीचे. बाटली पुढे केली. त्याने चिमट्याने एक कण उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला, डोळ्याला भिंग लावले आणि कसोटीचा दगड काढायच्या आधीच म्हणाला, "काका, हे कापलेलं आहे." भिंग माझ्याकडे दिले. खरेच. कणाची एक कड सरळ, धारदार, आणि दुसरी मशीनवरून निघणाऱ्या चुऱ्यासारखी वळलेली. नदीतले सोने मऊ असते. गोट्यांखाली चेचून चेचून ते चपटे होते आणि कडा गोल होतात. धार राहत नाही.

तरी नातवाचे समाधान व्हावे म्हणून कारागिराने कस लावून दाखवला. कण सुईने दगडावर दाबून ओढला. पिवळी रेघ उठली, आणि नातू माझ्याकडे विजयी मुद्रेने बघू लागला. शेजारी त्याने स्वतःच्या बोटातली अंगठी घासून दुसरी रेघ ओढली. मग काचेच्या काडीने दोन्ही रेघांवर तेजाबाचा एकेक थेंब ठेवला. अंगठीची रेघ जशीच्या तशी. आमची रेघ फसफसली आणि हात मागे घेईपर्यंत नाहीशी झाली. उरलेल्या तीनांतला एक कण काचेच्या वाटीत टाकून त्यावर थेंब सोडला, तर बुडबुडे आले आणि थेंबाला रंग चढला. नातू म्हणाला, "आजोबा, हिरवं झालं." तांबे असले की तसेच होते. तांबे आणि जस्त, म्हणजे पितळ. 'पितळ उघडे पडणे' हा वाक्प्रचार त्याच्या पुस्तकात आहे. तो त्याला पुन्हा समजावून सांगावा लागणार नाही.

घरी येऊन त्याने प्रमाणपत्र फ्रीजवरून काढले. फाडले नाही. दप्तरात खाली सारले.

संध्याकाळी मी त्या शिकवणाऱ्या मुलाला फोन केला. त्याचे किंवा त्याच्या संस्थेचे नाव मी लिहीत नाही. पोरगा कष्टाळू आहे, त्याने मिसळीत किंवा बसमध्ये काही कमी केले नाही, आणि मला कुणाचा धंदा बुडवायचा नाही. त्याने पितळ टाकल्याचे नाकारले नाही, हेही त्याच्या बाजूने नोंदवतो. तो म्हणाला, "काका, पण मजा आली ना? मुलं खूश होती ना? डिस्नेलँडमधला मिकी खरा उंदीर असतो का?"

खरे सांगतो, या प्रश्नाला मला दोन दिवस उत्तर सुचले नाही. कारण ओढ्यात सोने पेरून लोकांकडून रोळून घेणे यात मला स्वतःला काही गैर वाटत नाही. मी ते पैसे देऊन, आनंदाने केलेले आहे.

माझी मुलगी मेलबर्नला असते. २०१९ साली आम्ही उभयता तिच्याकडे तीन महिने होतो. तिथून रेल्वेने दीड तासावर बॅलरॅट नावाचे गाव आहे. १८५१ साली तिथे सोने सापडले आणि जगभरातून माणसे लोटली. १८५४ मध्ये सरकारच्या परवाना शुल्काविरुद्ध खाणवाले शस्त्र घेऊन उठले, माणसे मेली, आणि त्यानंतर 'मायनर्स राइट' नावाचा स्वस्त परवाना आला. जुनी वस्ती उभी करून तिथे १९७० पासून 'सॉव्हरिन हिल' हे मोठे उघडे संग्रहालय चालते. तंबू, घोडागाड्या, लोहाराचा भाता, आणि मधून वाहणारा एक ओढा. काठावर पराती ठेवलेल्या. आमच्या सौ.नी पदर खोचला आणि चपला काढून थेट बसकण मारली. तिला दुसऱ्या परातीत कण सापडला, मला तासाभरात एकही नाही. तांदूळ रोळलेला हात तो.

मी तिथल्या जुन्या वेषातल्या माणसाला विचारले, हे सोने इथलेच का? तो हसला आणि म्हणाला, आम्हीच टाकतो, पण आहे खरे. तो कण आजही घरी आहे. जांभळी नाक्यावर जाताना मी तोही बरोबर नेला होता. तेजाबाखाली तो तसाच राहिला.

पुढच्या रविवारी जावईबापूंनी आम्हाला क्रेसविकच्या जंगलात नेले. तिथे कुणी काही पेरत नाही. जावयांच्या पाकिटात तो मायनर्स राइटचा कागद होता, दहा वर्षे चालणारा. फावडे, परात अशी हाताची अवजारे फक्त चालतात, यंत्र नाही, आणि खणलेला खड्डा बुजवूनच निघायचे. चार तासांत दोन कण मिळाले, दोन्ही मिळून मोहरीच्या पाव दाण्याएवढे. जावई म्हणाले, पेट्रोलसुद्धा निघालं नाही. वाटेत मला त्यांनी १८६९ मध्ये मोलियागुलला झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली जेमतेम तीन सेंटिमीटरवर सापडलेल्या ७२ किलोच्या सोन्याच्या गोळ्याची गोष्ट सांगितली. ती तिकडे प्रत्येक पाहुण्याला सांगतात असे दिसते. पण त्या गोष्टीनंतर माणूस प्रत्येक झाडाच्या मुळाशी बघत चालतो, हे खरे.

तर त्या मुलाला आता हे उत्तर देतो. मिकीच्या पोटात माणूस आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, तिकीट काढणाऱ्यालाही. तुझ्या बसमधल्या ३४ जणांना ठाऊक नव्हते. त्यातल्या एका बाईंनी बाटली देव्हाऱ्यात ठेवणार असल्याचे माझ्यासमोर सांगितले. आणि खर्चाचे म्हणशील तर हिशेबाला दहा हजार रुपये ग्रॅम धर. एक मिलिग्रॅम सोने म्हणजे दहा रुपये. तेवढा कण पातळ चेचलेला असला की परातीत सहज दिसतो. माणशी पाच कण म्हणजे पन्नास रुपये. १८०० रुपयांत पन्नास रुपयांचे खरे सोने बसत नव्हते का? शिवाय न सापडलेले तळाच्या गाळातून परत रोळून घेता येते. आमच्या घरी तर वर्षानुवर्षे तेच चालायचे.

वडील काम संपले की ऐरणीखालची जमीन हाताच्या केरसुणीने झाडून केर एका डालड्याच्या डब्यात भरत. हात धुतलेले पाणीसुद्धा मोरीत सोडत नसत, ते एका मडक्यात. कानशीचा कीस, पत्र्याचे तुकडे, शेगडीची राख, सगळे त्यात. दिवाळीआधी झारेकरी यायचा. तो डबा नुसता हातात तोलून किंमत सांगे, वडील दुप्पट सांगत, मग चहा होई आणि मधला आकडा ठरे. तो केर तो तळ्यावर नेऊन घमेल्यात रोळी. मुंबईत झवेरी बाजारात आजही पहाटे गल्ल्या आणि गटारांचा गाळ घमेल्यांत धुणारी माणसे आहेत. त्यांना तिथे घमेलावालेच म्हणतात. शहरातल्या शहरात खऱ्या सोन्याचा ओढा असेल तर तो तिथे, आणि तिकडे कुणी मिसळ खात बसने जात नाही.

झारेकऱ्याचे आणखी एक सांगायचे आहे, आणि या पत्राचे बाकी सगळे कापले तरी एवढे छापा. परतताना बसमध्ये एका गृहस्थाने विचारले, बारीक सोने पकडायला पारा वापरतात म्हणे, ऑनलाइन मिळतो का? शिकवणारा मुलगा म्हणाला, पुढच्या ट्रिपला बघू. माझ्या अंगावर काटा आला. आमचा झारेकरी पारा वापरत असे. रोळून उरलेल्या काळ्या गाळात पारा घालून मळायचा, तो सोने ओढून घेतो, मग फडक्यातून पिळायचा आणि हाती आलेला गोळा विस्तवावर धरायचा. पारा उडून जातो, सोने राहते. उडून जातो म्हणजे वाफ होऊन समोर बसलेल्याच्या छातीत जातो. त्या माणसाचे हात थरथरत. वडिलांनी दिलेला चहाचा कप त्याच्या बशीवर किणकिण वाजायचा. आम्हा पोरांना ते म्हातारपण वाटे आणि आम्ही त्याची नक्कल करत असू. आज हिशेब केला तर तो तेव्हा पंचेचाळीसचाही नसेल. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला, भारतानेही त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. सहलीच्या सामानात पारा येता कामा नये. मुलांच्या सहलीत तर मुळीच नाही.

कायद्याचे थोडक्यात. सोन्यासारख्या खनिजाचा शोध परवान्याशिवाय घेता येत नाही, हे १९५७ च्या खाण व खनिज कायद्यात आहे. वाळू महसूल खात्याच्या अखत्यारीत येते. ग्रामपंचायतीत 'बोलणे' म्हणजे परवाना नव्हे. पुढची सहल येऊरला नेणार असल्याचे त्यांच्या गटावर आले आहे. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथल्या ओढ्यात फावडे घालणे तर दूरच, तिथून खडाही उचलून आणायचा नसतो. वाळूउपशाने आपल्या जिल्ह्यातल्या नद्यांचे काय झाले ते आपल्याच दैनिकात वर्षानुवर्षे छापून येत आहे. त्याच्या शेजारी हौशी लोकांनी काठ उकरलेला फोटो 'वीकेंडची धमाल' म्हणून छापावा, हे मला तरी खटकले.

पण मुलांनी रोळू नये असे माझे म्हणणे नाही. त्या दिवशी माझ्या नातवाने भागाकार केला, लोहचुंबकाने वाळू वेचली, काळा दगड म्हणजे काय ते विचारले. शाळेच्या वर्गात त्याने यातले एकही आपणहून केले नसते. यासाठी मुरबाडला जायचे कारण नाही. जनावरांना पाणी पाजायचा एखादा डोण किंवा पत्र्याची लांब पन्हळ, दोन घमेली वाळू आणि पाणी फिरवायला कूलरची मोटर पुरे. पाणी तेच तेच फिरते, कुणाचे हंडे रिकामे जात नाहीत. ठाण्यातल्या एखाद्या शाळेच्या पटांगणात नाहीतर आमच्या आळीतसुद्धा हे रविवारी सकाळी मांडता येईल. बाहेर पाटी लावायची: सोने खरे आहे, आम्ही टाकले आहे, सापडेल ते दाखवा आणि परत करा. शेजारी एका थाळीत आपल्याच खाणींत दगडांच्या पोकळ्यांतून निघणारे पांढरे-गुलाबी स्फटिक ठेवावेत. झिओलाइट म्हणतात त्यांना, आणि त्यांच्यासाठी जगभरचे संग्राहक महाराष्ट्राकडे डोळे लावून असतात. सह्याद्रीच्या पोटातले हे धन खरे आहे, त्याला पेरावे लागत नाही.

आयोजक त्या मुलानेच व्हावे. शिट्टी त्याच्याकडे आहे, शिकवतो चांगले आणि बसचा खर्च वाचेल. वाळू धुऊन आणायचे काम माझे. नातवाने बाटलीतले पितळ टाकून तिच्यात ओढ्याची काळी वाळू भरून ठेवली आहे, तीही तो द्यायला तयार आहे, पण चुंबक देणार नाही म्हणतो.

सोन्याची सोय माझ्याकडे आहे. वडिलांच्या पितळी डबीत त्यांच्या शेवटच्या कामाचा दोन गुंजा कीस अजून तसाच आहे, म्हणजे पाव ग्रॅमच्या आतबाहेर. तो मी घेऊन येईन. सगळ्यांसमोर तोलून पाण्यात टाकीन आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर तोलून परत घेईन.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
खारकर आळी, ठाणे (प.)

(नाव छापू नये ही विनंती. फोटोवरून आळीतल्या लोकांनी ओळखलेच आहे.)